अनामिका, करंगळी आणि पियानो

ज्या अवयवावर वादकाचे सारे आयुष्य उभे असते तो अवयव तुटला, भाजला किंवा पक्षाघाताने निकामी झाला, तर त्या आपत्तीला निदान एक नाव असते, तिचे कारण दाखवता येते आणि भेटीस येणाऱ्या माणसालाही काय बोलावे हे समजते. परंतु हात धडधाकट आहे, वेदना नाही, सूज नाही, क्ष-किरणांच्या चित्रात हाडाला तडा नाही, त्याच हाताने माणूस सदऱ्याची गुंडी लावतो, चहाचा पेला उचलतो, आणि तरीही वाद्यापुढे बसताच त्या हाताची दोन बोटे आपोआप तळव्याकडे वळून मिटू लागतात, असे घडले म्हणजे त्या वादकाने कोणाकडे जावे आणि काय सांगावे? १९६४ साली अमेरिकेतील थोर पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्यापुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्यांचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते, आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांना मिळेपर्यंत जवळजवळ तीन दशके लोटली.

फ्लायशर यांचा जन्म १९२८ सालचा, सॅन फ्रान्सिस्को येथला. पूर्व युरोपातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबातले हे मूल. वडिलांचा धंदा टोप्यांचा. शिक्षक येत असत ते खरे पाहता थोरल्या भावासाठी. धाकटा कोपऱ्यात बसून ऐके आणि भाऊ खेळावयास बाहेर पडला की पियानोपुढे बसून त्याचा सगळा पाठ जसाच्या तसा वाजवी, तेव्हा आईने काय ते ओळखले. आठव्या वर्षी त्याची पहिली जाहीर मैफल झाली. त्यानंतर पियानोवादक आर्थर श्नाबेल यांच्यासारखा गुरू त्याला लाभला, आणि तोही त्यांचा नियम मोडून, कारण सोळा वर्षांखालील विद्यार्थी श्नाबेल घेत नसत. १९३८ साली इटलीतील कोमो सरोवराच्या काठी ही तालीम सुरू झाली. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगण्याची जी रीत आहे तिच्याप्रमाणे सांगावयाचे तर श्नाबेल हे लेशेटित्स्की यांचे शिष्य, लेशेटित्स्की हे चेर्नी यांचे, आणि चेर्नी हे प्रत्यक्ष बेटहोव्हनचे. म्हणजे ह्या मुलाच्या बोटांत जी विद्या उतरत होती ती तीन पिढ्यांच्या अंतराने थेट त्या मूळ पुरुषापासून आलेली होती. सोळाव्या वर्षी, १९४४ साली, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ह्या नामांकित वाद्यवृंदाबरोबर फ्लायशर यांनी ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना, वाजवला. १९५२ साली ब्रसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन ठरले. पुढे क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदासह, जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली, त्यांनी बेटहोव्हनचे पाचही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही जाणकार माणसे ती मुद्रणे आदराने ऐकतात.

अशा हाताची अनामिका आणि करंगळी प्रथम थोडी जड वाटू लागली. उजव्या हाताने एखादी जलद स्वरपंक्ती वर चढत जावी आणि तिच्या शेवटच्या टोकाला, जेथे ह्या दोनच बोटांचे काम असते, तेथे ती पट्टीवर पडण्याऐवजी किंचित आत ओढली जावीत, असा तो आरंभ होता. कोणतीही अवघड जागा बिघडली की ती हळू लयीत पुन्हा पुन्हा घोटावी, हा जगभरच्या वादकांचा पिढीजात इलाज आहे, आणि फ्लायशर यांनीही तोच केला. दिवसाचे सात-सात, आठ-आठ तास ते त्या बोटांना कामास जुंपत राहिले. बोटे सुधारली नाहीतच. उलट जितका अभ्यास अधिक तितकी ती अधिक आवळत गेली, आणि सुमारे दहा महिन्यांत ती तळव्यात मिटून राहू लागली. १९६५ च्या वसंतात सेल यांच्याबरोबर सोव्हिएत रशियाचा मोठा दौरा ठरलेला होता. त्यातून त्यांना माघार घ्यावी लागली. ज्या परिश्रमाने त्यांना वर नेले होते तोच परिश्रम त्यांना प्रतिक्षणी खाली ओढत होता, आणि हे त्यांना सांगू शकेल असा एकही वैद्य त्या काळी त्यांना भेटला नाही. ह्या रोगाचे सर्वांत क्रूर अंग मला हेच वाटते.

ह्या विकाराला आज फोकल डिस्टोनिया, म्हणजे शरीराच्या एकाच भागापुरता मर्यादित असलेला स्नायूंच्या ताणाचा दोष, असे म्हणतात. परंतु त्याची पहिली नोंद संगीतशाळेत झाली नाही. ती कचेरीत झाली. एकोणिसाव्या शतकात दफ्तरे वाढली, दिवसभर टाक हातात धरून नकला उतरवणाऱ्या कारकुनांची संख्या वाढली, आणि त्यांच्यापैकी काहींचा हात लिहिताना ताठू लागला. टाक खाली ठेवला की हात पुन्हा पूर्ववत होई. इंग्लंडातील सर चार्ल्स बेल यांनी १८३० च्या दशकातच अशा हातांचे वर्णन केलेले आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गावर्स यांनी आपल्या ग्रंथात कारकून, तारमास्तर आणि वादक अशा अनेक पेशांतील ह्या विकारांना एकत्र आणून त्यांचे ‘व्यवसायजन्य’ असे वर्गीकरण केले. डिस्टोनिया हा शब्द १९११ साली हेर्मान ओपेनहाइम यांनी रूढ केला. येथवर शास्त्राची वाटचाल सरळ होती. पण पुढे मनोविश्लेषणाचा काळ आला आणि ज्या रोगाला शरीरात जागा सापडत नाही तो मनातच असला पाहिजे, अशी समजूत वैद्यकात बळावली. कारकुनाला नोकरीचा कंटाळा आहे, वादकाला श्रोत्यांची धास्ती आहे, म्हणून हात संप करतो, असे निदान होऊ लागले. लंडनमधील शीही आणि मार्सडेन ह्या तज्ज्ञांनी १९८२ साली, लेखनिकांच्या ह्या व्याधीचे अनेक रुग्ण बारकाईने तपासून, त्यांच्यात मानसिक आजार इतर माणसांपेक्षा अधिक नाहीत आणि हा विकार मेंदूकडून होणाऱ्या हालचालींच्या नियमनातला आहे, असे प्रतिपादन केले. मधल्या काळात किती माणसांना आपल्या बोटांबरोबर आपल्या मनाच्या खरेपणाचाही संशय घेऊन जगावे लागले असेल, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते.

मग हात का ऐकत नाही? मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या प्रत्येक भागासाठी राखून ठेवलेली जागा असते. हाताची जागा पुष्कळ मोठी असते, आणि तीत अंगठा, तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी यांची स्थाने ओळीने लागून असतात. प्रत्येक बोटाची स्वतंत्र हालचाल होण्यासाठी ही स्थाने एकमेकांपासून वेगळी राहावी लागतात. शेजारशेजारच्या दोन शेतांमधला बांध पावसामागून पावसाने झिजत जाऊन एके वर्षी कोणाचे पीक कोठे संपते हेच कळेनासे व्हावे आणि सरकारी मोजणीचा नकाशाही निरुपयोगी ठरावा, तशी अवस्था ह्या विकारात बोटांच्या त्या स्थानांची होते. दोन बोटांकडून येणाऱ्या संवेदना वर्षानुवर्षे अतिशय जलद, एकमेकींना चिकटून आणि एकाच ठरावीक क्रमाने येत राहिल्या, तर मेंदू त्यांना दोन मानण्याचे सोडून देतो. जर्मनीत १९९८ साली वादकांच्या मेंदूंवर झालेल्या मोजमापांत रोगी बोटांची स्थाने निरोगी वादकांच्या मानाने एकमेकांच्या निकट सरकलेली आढळली. त्यापूर्वी, १९९६ साली, कॅलिफोर्नियातील नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना एक मूठ वारंवार, शेकडो वेळा पकडावयास आणि सोडावयास शिकवले होते. काही आठवड्यांनी माकडांचा हात बिघडला, आणि त्यांच्या मेंदूतील हाताचा नकाशा तपासला तेव्हा त्यातल्या हद्दी पुसट झालेल्या दिसल्या.

ह्याच्या जोडीला आणखी एक दोष असतो. एक बोट उचलावयाचे म्हणजे केवळ त्या बोटाला हुकूम देऊन भागत नाही. शेजारच्या बोटांना स्वस्थ बसण्याचा हुकूमही त्याच क्षणी सुटावा लागतो. निरोगी मेंदूत हे मनाईचे काम अखंड आणि नकळत चाललेले असते. डिस्टोनियात तेच शिथिल होते, त्यामुळे नको असलेले स्नायूही आकुंचन पावतात. बोट वाकवणारा आणि बोट उघडणारा असे दोन विरोधी स्नायू एकाच वेळी ओढू लागतात, आणि वादकाला आपला हात आपल्याशीच झुंजतो आहे असे वाटते. त्यातून अनामिका हे बोट मुळातच परतंत्र. मूठ मिटून टेबलावर ठेवावी आणि एकेक बोट वर उचलून पाहावे. अनामिकेपाशी येताच ती किती नाखुशीने उठते हे कोणालाही कळेल. हाताच्या पाठीवर तिच्या कंडरा शेजारच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. निसर्गाने जेथे स्वातंत्र्य दिलेलेच नाही तेथे ते शिक्षणाने मिळवण्याचा आग्रह पियानोवादक धरतो, आणि बांध बहुधा तेथेच प्रथम फुटतो. काही रुग्णांनी पातळ रबरी हातमोजा घातला तर बोटे थोडा वेळ सुधारतात. स्नायूत काही फरक पडलेला नसतो, बदललेली असते ती केवळ स्पर्शाची जाणीव. आणि तेवढ्यानेच हात काही क्षण भानावर येतो, यावरून हा घोटाळा हाताचा नसून वर बसलेल्या अंमलदाराचा आहे, हे स्पष्ट होते.

व्यावसायिक वादकांपैकी शेकडा एकाला हा विकार जडतो असा अंदाज आहे. स्त्रियांच्या मानाने पुरुषांत तो बराच अधिक आढळतो, आणि बहुधा तिशी-चाळिशीत, म्हणजे विद्या हातात पक्की बसल्यावर, येतो. ज्या हाताला अधिक बारीक काम तो हात आधी बळी पडतो: पियानोवादकाचा उजवा, व्हायोलिनवादकाचा डावा, आणि फुंकून वाजवण्याच्या वाद्यांत ओठांचे स्नायू. ज्यांच्या घरी असा विकार पूर्वी झालेला आहे, किंवा ज्यांचा स्वभाव चिंतातुर आणि एकही स्वर चुकू नये असा हट्ट धरणारा आहे, त्यांना धोका अधिक. लिखित स्वरलिपी अक्षरशः पाळणाऱ्या अभिजात परंपरेतल्या वादकांत तो जास्त आढळतो आणि जॅझ वाजवणाऱ्यांत कमी, असे हॅनोव्हरचे एकार्ट आल्टेनम्यूलर यांचे निरीक्षण आहे. ते स्वतः बासरीवादक आणि मेंदूविकारतज्ज्ञही असल्यामुळे ह्या विषयात त्यांचा शब्द मानला जातो.

ह्याच आल्टेनम्यूलर यांनी रचनाकार रोबेर्ट शूमानच्या प्रसिद्ध व्याधीचाही नव्याने विचार केला. १८३० च्या दशकाच्या आरंभी लाइपझिग येथे फ्रीडरिख वीक यांच्या हाताखाली पियानोवादक होण्याच्या इच्छेने झपाटलेल्या ह्या तरुणाच्या उजव्या हाताचे मधले बोट आखडू लागले. बोटाला मागे खेचून धरणारे एक यांत्रिक साधन त्याने वापरून पाहिले. त्या साधनानेच हात बिघडला असे पुष्कळ दिवस सांगितले गेले; कोणी पाऱ्याच्या औषधांना दोष दिला; परंतु दैनंदिनीतील नोंदी आणि पत्रे नीट वाचली म्हणजे वेदनारहित, वादनापुरता मर्यादित आणि अभ्यासाने वाढणारा असा हा विकार डिस्टोनियाशी फारच जुळतो, असे आल्टेनम्यूलर यांचे मत. त्या काळच्या उपचारांत एक असा होता की ताज्या कापलेल्या जनावराच्या पोटातील आतड्यांत रोग्याने आपला हात बुडवून ठेवावा, म्हणजे त्या उष्णतेने नसा मोकळ्या होतात. शूमानने तेही केले, आणि त्या पशूच्या प्रकृतीतला काही अंश आपल्या अंगात उतरेल की काय, अशी भीती पत्रात व्यक्त केली. हाताच्या सबबीवर पुढे त्यास नगररक्षक दलातील सेवेतून सूट मिळाली, आणि त्यासाठी दिलेला वैद्याचा दाखला आजही चरित्रकारांच्या उपयोगी पडतो. संगीताच्या इतिहासात ह्या बोटाचे मोल मोठे आहे, कारण वादनाचा रस्ता बंद झाल्यावर शूमान संपूर्णपणे रचनेकडे वळला.

फ्लायशर यांच्यापुढे असा दुसरा रस्ता तयार नव्हता. पुढली दोन वर्षे अतिशय काळोखात गेली. संसार मोडला, आणि जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. हात सुन्न करणारी इंजेक्शने, विजेचे धक्के, संमोहन, मानसोपचार, मर्दन, जे जे कोणी सुचवले ते ते त्यांनी करून पाहिले. रोज सकाळी उठून एकदा पियानोपाशी जावे आणि आज काही वेगळे घडते का ते पाहावे, हा क्रम मात्र कित्येक वर्षे सुटला नाही. पण त्याचबरोबर, आपले नाते दोन हातांनी वाजवल्या जाणाऱ्या पियानोशी आहे की संगीताशी, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू स्थिर होत गेला. १९६७ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी एका लहान वादकसंघाची स्थापना केली, मग वाद्यवृंदाचे संचालन हाती घेतले, १९७० पासून अ‍ॅनापोलिसचा वाद्यवृंद सांभाळला आणि पुढे बाल्टिमोरच्या वाद्यवृंदाचे सहसंचालन केले. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवीत होते. आता त्या शिकवण्याची जातच बदलली. पूर्वी विद्यार्थ्याला खुर्चीतून बाजूला सारून आपण वाजवून दाखवता येत असे. आता ती सोय गेली, आणि हा स्वर कोठून निघतो, कोठे जातो, त्याच्या आधीची शांतता कशी असावी, हे सर्व शब्दांनी सांगण्याची पाळी आली. आपण अधिक चांगले शिक्षक झालो ते ह्यामुळेच, असे ते म्हणत.

ह्याच वर्षांत त्यांनी डाव्या हाताचे साहित्य जवळ केले, आणि येथे पॉल विटगेनश्टाइन यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन यांचे हे थोरले बंधू. १९१४ साली महायुद्धाच्या पहिल्याच मोसमात गोळी लागून त्यांचा उजवा हात कापावा लागला. रशियन सैन्याने कैद करून त्यांना सैबेरियातील ओम्स्क येथे नेले. तेथे त्यांनी एका लाकडी खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या रेखल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर डाव्या हाताची बोटे चालवून, दोन हातांसाठी लिहिलेले एका हातात कसे मावेल याचा विचार करीत दिवस काढले. व्हिएन्नास परतल्यावर घरच्या अमाप संपत्तीचा त्यांनी उत्तम विनियोग केला: रिखार्ड स्ट्राउस, कोर्नगोल्ड, हिंडेमिट, राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन अशा रचनाकारांना मोबदला देऊन एका हातासाठी कृती लिहवून घेतल्या. राव्हेलच्या डाव्या हाताच्या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग १९३२ च्या जानेवारीत व्हिएन्नात झाला. विटगेनश्टाइन यांनी त्यात स्वतःच्या मर्जीने फेरफार केल्यामुळे राव्हेल संतापले. प्रोकोफिएव्हची कृती तर विटगेनश्टाइन यांनी वाजवलीच नाही. ती १९५६ साली बर्लिनमध्ये झीगफ्रीड राप यांनी प्रथम सादर केली, आणि राप यांनीही दुसऱ्या महायुद्धात आपला उजवा हात गमावलेला होता.

एका हाताने वाजवणे म्हणजे अर्धे वाजवणे, अशी कोणाची समजूत असल्यास त्याने राव्हेलची ही कृती डोळे मिटून ऐकावी. डावा हात पट्ट्यांवर ठेवला की अंगठा उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांच्या बाजूस येतो. त्यामुळे हातातले सर्वांत बळकट बोट सुरावटीच्या वाट्याला येते, आणि उरलेली चार बोटे खाली खर्जाचा आधार देतात. बोट उचलल्यावरही स्वर रेंगाळत ठेवणारे पायाखालचे पेडल आणि पट्ट्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होणाऱ्या हाताच्या झेपा, एवढ्या सामग्रीवर ऐकणाऱ्याला दोन हातांचा भास होतो. ब्राम्सने बाखच्या व्हायोलिनवरील शाकॉन ह्या महान रचनेचे १८७७ साली डाव्या हातासाठी रूपांतर केले, आणि ते शूमानची पत्नी, पियानोवादक क्लारा हिला पाठवले तेव्हा नेमका तिचा उजवा हात दुखावलेला होता. व्हायोलिनच्या चार तारांवर बाखने जो संयम पाळला तोच पियानोवर एका हाताच्या मर्यादेने पाळला जातो, आणि दोन हातांच्या भरघोस रूपांतरांपेक्षा हे रूपांतर मूळ रचनेच्या अधिक जवळ जाते, असे माझे मत आहे.

वादकांचा धर्म ह्या बाबतीत मौनाचा असे, कारण हात बिघडल्याची वार्ता पसरली की निमंत्रणे थांबत. फ्लायशर यांच्याच पिढीतले आणि त्यांचे मित्र गॅरी ग्राफमन यांच्याही उजव्या हाताने १९७९ च्या सुमारास असाच दगा दिला. १९८१ साली वर्तमानपत्रात त्यांच्या व्याधीची हकीगत प्रसिद्ध झाली, आणि बोस्टनच्या ज्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार चालले होते तेथे देशभरच्या वादकांची रीघ लागली. इतकी माणसे इतकी वर्षे ही गोष्ट लपवून वाजवीत होती! वादकांच्या आजारांसाठी स्वतंत्र चिकित्सालये आणि नियतकालिके निघाली ती त्यानंतरच्या दशकात. ग्राफमन पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेचे प्रमुख झाले. लांग लांग आणि युजा वांग हे आजचे दोन जगद्विख्यात पियानोवादक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९८२ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या नव्या मायरहॉफ सभागृहाचे उद्घाटन होते. त्या प्रसंगी फ्लायशर दोन हातांनी वाजवणार असे जाहीर झाले, आणि दूरचित्रवाणीवाल्यांसह सारे लोक तो चमत्कार पाहावयास जमले. बेटहोव्हनचा चौथा कॉन्चेर्टो वाजवण्याचा बेत ऐनवेळी बदलून सेझार फ्रांक यांची तुलनेने सोपी कृती ठेवण्यात आली. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रांनी पुनरागमनाचे गोडवे गायले. पण बोटे कशी फसवाफसवी करून शेवटास गेली हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक होते. ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले. जाहीर विजयानंतर असे निमूटपणे माघारी जाण्याला जो प्रामाणिकपणा लागतो त्याचे मला मोठे अप्रूप वाटते.

रोगाचे खरे नाव त्यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी कळले. त्यानंतर खोल मर्दनाच्या एका पद्धतीने हाताचा ताठरलेला स्नायू सैल करण्यात आला, आणि मेरीलँडमधील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बोटुलिनम नावाच्या विषाचा उपचार सुरू झाला. बिघडलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचे हे विष ज्ञात विषांपैकी सर्वांत तीव्र. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला आकुंचनाची सूचना पोचवणारे द्रव्य सुटते, त्याचीच वाट ते बंद करते. अत्यल्प मात्रेत, आणि ज्या स्नायूचा अतिरेक चालला आहे नेमक्या त्याच स्नायूत ते टोचले, तर तो स्नायू सुमारे तीन-चार महिने दमाने घेतो. मात्रा थोडी कमी पडली तर बोट मिटतच राहते, थोडी अधिक झाली तर ते लुळे पडते. आणि वादकाला ह्या दोहोंमधल्या केसभर जागेत वाजवावयाचे असते. आधी तिरळेपणावर ह्या विषाचा उपयोग करून दाखवणारे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट सॅन फ्रान्सिस्कोचेच, म्हणजे फ्लायशर यांच्या जन्मगावचे.

हा इलाज मेंदूतल्या घोटाळ्यास हात लावीत नाही, तो फक्त त्याचा परिणाम आवरतो. म्हणून दुसऱ्या वाटाही शोधल्या जातात: लय अत्यंत मंद ठेवून, निरोगी बोटांना पट्टीने बांधून रोगी बोटाला नव्याने शिकवणे, आणि फारच हट्टी प्रकरणात मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस ह्या केंद्राचा एक सूक्ष्म बिंदू शस्त्रक्रियेने जाळणे. जपानमध्ये ताकाओमी ताइरा यांनी ही शस्त्रक्रिया पुढे नेली. २०१७ साली बेंगळूरच्या एका रुग्णालयात असाच विकार जडलेल्या एका तरुण गिटारवादकावर ती करण्यात आली, तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता आणि शस्त्रक्रियेच्या मेजावरच गिटार वाजवीत होता, कारण बोटे मोकळी झाली की नाही हे वाजवल्याखेरीज शल्यविशारदालाही कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. ह्या साऱ्यात आपल्या संगीतशिक्षणासाठीही एक इशारा आहे. आपल्याकडे चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या, म्हणजे एकांतात अखंड रियाज करण्याच्या, कथा भक्तिभावाने सांगितल्या जातात. बोटांतून रक्त येईपर्यंत रियाज केला, हे मोठेपणाचे लक्षण ठरते. रियाजावाचून विद्या नाही हे खरेच, परंतु हात दुखत नसतानाही बोट वाकडे पडू लागले, आणि घोटल्याने ते अधिकच बिघडते आहे असे दिसले, तर अधिक रियाज सांगणारा गुरू त्या शिष्याचे अहित करतो, हे आपल्या शिक्षकवर्गास आता कोणीतरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९९५ च्या सुमारास फ्लायशर पुन्हा दोन हातांनी जाहीर मैफली करू लागले. २००४ साली, सुमारे चाळीस वर्षांनी, दोन हातांच्या वादनाची त्यांची तबकडी निघाली आणि तिचे नावही ‘दोन हात’ असेच ठेवले गेले. बाख, शोपँ, देबुसी आणि शूबर्टचा अखेरचा सोनाटा तीत आहे. आपण बरे झालो, असे ते कधीच म्हणाले नाहीत. इंजेक्शनांचे वेळापत्रक चालू होते, कोणती रचना झेपेल आणि कोणती नाही याचा हिशेब प्रत्येक कार्यक्रमापूर्वी होत होता, आणि डाव्या हाताच्या कृती त्यांनी सोडून दिल्या नाहीत.

त्यांतल्या एका कृतीचा इतिहास विलक्षण आहे. विटगेनश्टाइन यांनी १९२३ साली हिंडेमिटकडून वाद्यवृंदासह पियानोची एक रचना लिहवून घेतली, तिचे पैसे चुकते केले, पण ती त्यांना रुचली नाही. म्हणून ती त्यांनी स्वतः वाजवली नाही आणि दुसऱ्या कोणास वाजवूही दिली नाही. हस्तलिखित त्यांच्या कागदपत्रांत पडून राहिले आणि त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर, २००२ साली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरात सापडले. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर, सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली, २००४ च्या डिसेंबरात तिचा पहिला प्रयोग झाला, लिहिली गेल्यापासून ८१ वर्षांनी, आणि ती वाजवण्यासाठी फ्लायशर यांना पाचारण करण्यात आले. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते. पुढे कर्टिस संस्थेतील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली, आणि ते मुद्रण आज कोणालाही ऐकावयास मिळते.